वाटेच्या बदल्यात मासे

वॉशिंग्टन हे अमेरिकेच्या वायव्य टोकाचे राज्य १८८९ साली स्थापन झाले. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की ज्या नदीनाल्यात खाण्याचे मासे चढतात तिथे बांध घालणाऱ्याने माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे. वीस वर्षांनी, १९१० मध्ये, त्याच राज्यात एल्व्हा नदीवर, समुद्रापासून जेमतेम ८ किलोमीटरवर, ३० मीटरहून उंच धरणाचे काम सुरू झाले आणि त्यात माशांसाठी वाट नव्हती. कायदा रद्द झाला नव्हता, धरण चोरून बांधले जात नव्हते, आणि माशांची शिडी ही वस्तू अमेरिकेला नवी नव्हती. तरी वाट झाली नाही ती पुढची शंभर वर्षे. मासे सुरक्षित चढावेत-उतरावेत म्हणून माणसाने केलेल्या बांधकामांचा इतिहास सहसा प्रगतीचा इतिहास म्हणून सांगतात: आधी लाकडी शिड्या, मग काँक्रीटच्या, मग जाळ्या आणि पाट, आणि शेवटी धरणच काढून टाकण्याचे धाडस. हा क्रम खोटा नाही, पण त्यात मुख्य गोष्ट झाकली जाते. वायव्य अमेरिकेच्या नद्यांची कागदपत्रे सांगतात की तिथे मासे अडले ते शिडी बांधता येत नव्हती म्हणून थोडे, आणि शिडीच्या जागी दुसरे काही देऊन मोकळे होता येत होते म्हणून फार. ते दुसरे काही म्हणजे हॅचरी, अंडी उबवून पिल्ले सोडण्याचे केंद्र. नदीची वाट घ्यायची आणि बदल्यात मासे द्यायचे, असा तो सौदा होता. तो कसा ठरला, कोणी निभावला आणि कोणाच्या अंगावर आला, हे पाहिल्याशिवाय आजची धरणे का पडत आहेत हे कळत नाही.

या सौद्यातला मासा सामन. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणून विकतात, तो हा नव्हे. पॅसिफिकचा सामन गोड्या पाण्याच्या ओढ्यात गोट्यांच्या फटीत जन्मतो, काही महिने किंवा वर्षभराने प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतो, तिथे काही वर्षे वाढतो आणि पुन्हा त्याच नदीत, बहुधा त्याच ओढ्यात, वासाच्या आठवणीने परत येऊन अंडी घालतो आणि मरतो. कोकणातल्या वाचकाला चढणीचे मासे समजावून सांगायला नकोत; पहिल्या पावसात वहाळांतून आणि शेतांतून वर धावणारा मासा पोरेटोरेही ओळखतात. फरक अंतराचा आणि मरणाचा. कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक यांच्या माथ्यापर्यंत सामन हजार किलोमीटरहून अधिक चढत असे, आणि चढून आलेला प्रत्येक मासा तिथेच मरत असल्याने समुद्रातले नत्र आणि फॉस्फरस डोंगरातल्या अस्वलांच्या पोटात आणि झाडांच्या मुळांत जाऊन पोहोचत असे. म्हणजे या नद्यांमध्ये मासा हे नुसते पीक नव्हते, वरच्या रानाला खत घालणारी व्यवस्थाही होती. ही बाब पुढच्या हिशेबात महत्त्वाची आहे, कारण सौदा करणाऱ्यांनी मासा मोजला आणि ही व्यवस्था मोजलीच नाही.

एल्व्हाचे धरण बांधणारा टॉमस ऑल्डवेल हा पोर्ट अँजेलिस गावचा उद्योजक. गावाला वीज आणि कारखाने हवेत ही त्याची धडपड. ती काही दुष्टाव्याची नव्हती. धरणाखाली सामनची गर्दी होऊन मासे भिंतीशी धडका देत आहेत, अशी तक्रार काम चालू असतानाच तिथल्या शिकार-मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या वॉर्डनने राज्याच्या मत्स्य-आयुक्ताकडे केली होती. आयुक्ताने विचारणा केली, कंपनीने आश्वासने दिली. धरणाचा पाया खडकापर्यंत नेलेला नव्हता. १९१२ च्या ऑक्टोबरात पाण्याच्या दाबाने तळच फुटला आणि जलाशय खालून वाहून गेला. दगड, माती, झाडे कोंबून ते भगदाड बुजवले. खरे तर वाट ठेवण्याची सक्ती करायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. पण १९१३ मध्ये लेस्ली डार्विन नावाचा नवा आयुक्त आला (आडनाव उत्क्रांतीवाल्याचे, बाकी संबंध नाही) आणि त्याने कंपनीला वेगळी युक्ती सुचवली. अंडी गोळा करण्यासाठी मासे अडवायला कायद्याची परवानगी होती. मग धरणाला लागून राज्याची हॅचरी उभारली, तर धरण हाच अंड्यांसाठी मासे अडवणारा बांध ठरेल आणि कायदाही मोडणार नाही. १९१५ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला आणि शिडीऐवजी हॅचरी चालेल असे नमूद केले. एल्व्हाची ती हॅचरी १९२२ मध्ये बंद पडली. धरण मात्र राहिले, आणि १९२७ मध्ये त्याच्या वर ग्लाइन्स कॅन्यन इथे दुसरे, दुपटीने उंच, ६४ मीटरचे धरण उभे राहिले. त्यालाही वाट नव्हती. खालीच मासा अडला असता वर शिडी कशाला, हा युक्तिवाद तर आता आयताच तयार होता. वाटेच्या मोबदल्यात मिळालेली वस्तू दहा वर्षेसुद्धा टिकली नाही, पण तिच्यासाठी बदललेला कायदा टिकला आणि पुढच्या सगळ्या धरणांना उपयोगी पडला.

त्या काळच्या लोकांना एवढे कोठे कळत होते, आजच्या ज्ञानाने त्यांना का तोलायचे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. पॅसिफिक किनाऱ्यावर सामनची पहिली सरकारी हॅचरी १८७२ मध्ये कॅलिफोर्नियात मॅक्लाउड नदीवर लिव्हिंग्स्टन स्टोन याने सुरू केली. त्याच स्टोनने वीस वर्षांनी, हॅचऱ्या भरात असताना, जाहीरपणे मागणी केली की सामनसाठी काही नद्या अखंड राखून ठेवाव्यात, आणि १८९२ मध्ये अलास्कातले अफॉग्नॅक बेट तसे राखून ठेवलेही गेले. ज्याने आयुष्य अंडी उबवण्यात घालवले त्यालाच अंडी पुरत नाहीत हे दिसत होते. (त्याची मॅक्लाउडवरची हॅचरी आज शास्ता धरणाच्या जलाशयाखाली आहे. इतिहासाला असले विनोद करायची हौस असते.) आपल्याकडेही ही जाण होती. लष्करी शल्यवैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील माशांवर जो अहवाल दिला, त्यात कालव्यांसाठी नद्यांवर घातलेले बांध चढणाऱ्या माशांना कसे घातक ठरतात हे मांडून त्यांत वाटा ठेवण्याची शिफारस केली होती. पण १८९७ चा हिंदुस्थानचा मत्स्य कायदा झाला तेव्हा सर्वांत ठळक तरतुदी राहिल्या त्या सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यावरच्या बंदीच्या. गरीब कोळ्याला दंड करणे सोपे होते, सरकारच्याच पाटबंधारे खात्याला करणे अवघड.

तंत्र उपलब्ध होते का, हा दुसरा प्रश्न. होते, आणि अडचण खरोखर सोडवायचीच असे ठरले की ते किती झटपट सुधारते याचे उदाहरण कॅनडातल्या फ्रेझर नदीवर आहे. तिथे हेल्स गेट नावाच्या अरुंद घळीत रेल्वेमार्गाच्या कामात दगड नदीत पडले आणि १९१४ च्या फेब्रुवारीत मोठी दरड कोसळून प्रवाह इतका आवळला गेला की सॉकाय जातीच्या सामनचे थवेच्या थवे तिथे थकून मागे फिरू लागले. ज्या नदीवर दोन देशांची मासेमारी पोसली जात होती ती जवळजवळ रिकामी झाली. इथे बदल्यात देण्यासारखे कोणाकडे काही नव्हते. रेल्वेमार्ग झाला होता, धरण नव्हते, वीज नव्हती, म्हणून वाट मोकळी करण्यावाचून इलाज नव्हता. अमेरिका आणि कॅनडा यांनी संयुक्त आयोग नेमला. विल्यम टॉम्पसनच्या पथकाने माशांना खुणेच्या पट्ट्या लावून ते कोणत्या पाणीपातळीला अडतात याचा अभ्यास केला, आणि १९४५-४६ मध्ये अभियंता मिलो बेल याच्या आराखड्याने काँक्रीटच्या वाटा झाल्या. या वाटेत उभ्या भिंतींची रांग असते आणि प्रत्येक भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी फट. पाणी फटीतून जोरात येते, पुढच्या कप्प्यात मंदावते. मासा फट पार करून कप्प्यात दम खातो आणि पुढे निघतो. फट पूर्ण उंचीची असल्याने नदी चढो वा उतरो, वाट चालूच राहते. हेल्स गेटला पातळी प्रचंड खालीवर होत असल्याने हे सुचावे लागले. सॉकायचे थवे पुन्हा वाढू लागले आणि ही रचना पुढे जगभर उचलली गेली. शिड्या कुचकामीच असतात असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हेल्स गेट विसरू नये.

कोलंबियावरचे बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये सुरू झाले, तेव्हाही शिडीच्या बाजूने पारडे झुकले होते. धरणाच्या मूळ योजनेत माशांची सोय अगदीच जुजबी होती. पण कोलंबियाच्या मुखाशी सामनचे डबे भरणारे कारखाने होते, मच्छीमारांच्या संघटना होत्या, आणि धरण समुद्राच्या इतके जवळ होते की चुकले तर सगळी नदीच बंद. त्यांनी गिल्ला केला आणि सरकारला लाखो डॉलर खर्चून भव्य शिड्या बांधाव्या लागल्या. हार्लन होम्स आणि मिलो बेल यांनी आखलेल्या त्या शिड्या म्हणजे सुमारे एकेक फूट उंचीच्या फरकाने रचलेली पाण्याची लांबरुंद कुंडे. खरी कल्पकता कुंडांत नव्हती, दारात होती. एवढ्या मोठ्या धरणाखाली मासा नदीच्या कोणत्या कोपऱ्यात असेल हे सांगता येत नाही. तो जोरदार प्रवाहाकडे ओढला जातो, आणि सर्वांत जोरदार प्रवाह असतो टर्बाइनमधून निघणाऱ्या पाण्याचा, जिथे वाट नसते. म्हणून जनित्रगृहाच्या पूर्ण रुंदीवर पन्हळ बांधून तिच्यात अनेक दारे ठेवली आणि दारातून मुद्दाम जास्तीचे पाणी सोडले, म्हणजे माशाला वाट सापडेल. मासे चढले. आज तिथे काचेच्या खिडकीमागे बसून माणसे एकेक मासा मोजतात, आणि १९३८ पासूनची ती मोजणी हा नदीचा सर्वांत सलग दस्तऐवज आहे. मासे विकून जगणाऱ्यांचे पुढाऱ्यांपुढे वजन होते म्हणून ही शिडी झाली, असे मला वाटते. याच नदीवर जिथे असे वजन नव्हते तिथे काय झाले हे पाहिले की ही शंका पक्की होते.

ते ठिकाण म्हणजे ग्रँड कूली. बॉनव्हिलहून कितीतरी वर, १९३३ मध्ये काम सुरू होऊन १९४२ पर्यंत पुरे झालेले १६८ मीटर उंचीचे हे धरण. इतक्या उंचीला शिडी व्यवहार्य नाही असे ठरले आणि त्या वेळच्या तंत्राने ते बहुधा खरेही होते. पण शिडी शक्य नसेल तर वरच्या हजारो किलोमीटर ओढ्यांचे आणि त्यांवर जगणाऱ्या आदिवासींचे काय, या प्रश्नाला मिळालेले उत्तर एल्व्हाचेच होते, फक्त आकाराने मोठे. खाली रॉक आयलंड धरणापाशी मासे पकडून टँकरने दुसऱ्या उपनद्यांत नेऊन सोडले, आणि लेव्हनवर्थ इथे प्रचंड हॅचरी बांधली. १९४० च्या जूनमध्ये कोलव्हिल आणि शेजारच्या जमाती केटल धबधब्यावर जमल्या आणि बुडणाऱ्या मासेमारीच्या जागेसाठी त्यांनी तीन दिवस शोक केला. तो प्रसंग ‘अश्रूंचा सोहळा’ म्हणून ओळखला जातो. १९३८ च्या मिचेल कायद्याने धरणांची भरपाई म्हणून संघराज्याने हॅचऱ्यांना पैसा पुरवला, पण त्यातल्या बहुतेक हॅचऱ्या नदीच्या खालच्या टप्प्यात झाल्या. तिथून सोडलेला मासा समुद्रातल्या बोटींना आणि मुखाजवळच्या जाळ्यांना मिळणार हे उघड होते. म्हणजे वरच्या गावाची वाट घेतली आणि बदल्याचे मासे खालच्या गावाला दिले. १८५५ च्या तहांमध्ये या खोऱ्यातल्या काही जमातींना त्यांच्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क लिहून दिला होता. १९५७ च्या मार्चमध्ये कोलंबियावरच्या डॅल्स धरणाने त्यांतलेच एक ठिकाण, सिलायलो धबधबा, काही तासांत बुडवले तेव्हा त्या हक्काचीही पैशांत भरपाई झाली. ठिकाण हाच ज्या हक्काचा गाभा, तो ठिकाण बुडवून कसा भरून द्यायचा याचे उत्तर कोणाकडे नव्हते. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी वॉशिंग्टनमधल्या तहबद्ध जमातींचा पकडण्यायोग्य माशांतला अर्धा वाटा मान्य केला आणि मगच माशांच्या प्रश्नात त्यांचा शब्द सरकारला ऐकावा लागू लागला.

बॉनव्हिलच्या यशातही एक खोट होती. शिड्या वर जाणाऱ्या मोठ्या माशाचा विचार करून बांधल्या होत्या. समुद्राकडे उतरणारे बोटभर पिल्लू कसे जाईल याकडे फारसे लक्ष नव्हते. पिल्ले प्रवाहाबरोबर टर्बाइनमध्ये ओढली जातात आणि दाबातल्या अचानक फरकाने किंवा पात्याच्या फटक्याने मरतात. सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्यात हवा कोंबली जाते, नत्राचे प्रमाण वाढते आणि माशांच्या रक्तात बुडबुडे होतात, हे १९६० च्या दशकात ध्यानात आले. शिवाय वाहत्या नदीची जागा संथ तळ्यांच्या माळेने घेतल्यावर पिल्लांचा प्रवास लांबला. खाऱ्या पाण्यासाठी शरीर बदलण्याची त्यांची वेळ ठरलेली असते, ती चुकते. यावर उपाय झाले: टर्बाइनच्या तोंडाशी जाळ्या, सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याला आडवे फेकणारे ओठ, पिल्ले गोळा करून चक्क मालवाहू तराफ्यांतून खाली नेणे. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडला. पण स्नेक नदीच्या माथ्यावरून निघालेल्या पिल्लाला आठ धरणे ओलांडायची असतात. समजा प्रत्येक धरणावर शंभरांतली फक्त पाच दगावली, हा चांगलाच निकाल, तरी आठव्याच्या खाली शंभरांतली साधारण ६६ उरतात, आणि तळ्यांतला उशीर व शिकारी मासे यांचा हिशेब निराळा. १९९२ मध्ये आयडाहोतल्या रेडफिश सरोवरात सॉकायचा एकच मासा परतला, एक नर. हॅचरीतला बंदिस्त वंश त्यानंतर तिथल्या सॉकायला वाचवायला कामी आला, हे मान्य केले पाहिजे.

मग हॅचरीला नावे का ठेवायची? मासे हवे होते, मासे मिळाले. त्याचे उत्तर हॅचरी कोठून मासे घेते आणि कोठे सोडते यात आहे. सिमेंटच्या टाकीत, आयत्या खाद्यावर, शिकाऱ्यांविना वाढलेल्या पिल्लांमध्ये टाकीत टिकणाऱ्या गुणांची निवड होते. ती नदीत सुटून रानटी माशांशी संकर करतात आणि अनेक पाहण्यांत त्यांची नदीतली वीण कमी यशस्वी ठरलेली दिसते. एका ओढ्याच्या सवयी दुसऱ्या ओढ्यावर लादल्या जातात. हे परदेशातलेच म्हणून सोडून द्यायची सोय मराठी वाचकाला नाही. लोणावळ्याच्या वळवण धरणापाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास चालवली आहे. जिचे मूळ शास्त्रीय वर्णन सायक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले ती दख्खनची महसीर, टॉर खुद्री, तिथे वाढवली गेली. घटत चाललेल्या माशाची बोटुकली तयार करणे हे कष्टाचे आणि चांगल्या हेतूचे काम होते. पण ही बोटुकली कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीची स्वतःची कुबड असलेली, आकाराने अजस्र महसीर वेगळी जात होती. गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की सोडलेली जात वाढत गेली आणि कावेरीतली मूळची हटत गेली. त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. कावेरीतल्या या ऱ्हासाला वाळूउपसा, धरणे, सुरुंग अशी दुसरीही कारणे आहेत. सगळा दोष बोटुकलीवर टाकणे अन्याय होईल. पण मासा म्हणजे मासा, कोठलाही चालेल, हे सौद्यामागचे गृहीत मात्र कावेरीनेच खोटे पाडले.

सर्वांत वजनदार आक्षेप विजेचा. ग्रँड कूलीच्या विजेवर दुसऱ्या महायुद्धात विमानांचे ॲल्युमिनियम तयार झाले. आज त्याची क्षमता ६,८०० मेगावॉटच्या घरात आहे आणि त्याच्या पाण्यावर लाखो एकर भिजतात. त्यापुढे मासा किती? हा प्रश्न टाळून चालत नाही, आणि ग्रँड कूली पाडा असे म्हणणारे गंभीर लोक मला ठाऊक नाहीत. पण बहुतेक धरणे ग्रँड कूली नसतात. एल्व्हाच्या दोन्ही धरणांची क्षमता मिळून ३० मेगावॉटच्या आत होती आणि शेवटी शेवटी ती वीज एका कागद गिरणीलाच जात होती. अशा धरणांचे काय करायचे हे ठरवणारी गोष्ट तंत्राची नाही, कायद्याची आहे. अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणांना संघराज्याचा परवाना लागतो आणि तो मुदतीने संपतो. नूतनीकरणाच्या वेळी १९८० नंतर अधिकारी म्हणू लागले की आता वाट बांधावीच लागेल, बदली चालणार नाही. व्हाइट सामन नदीवरच्या काँडिट धरणाच्या जुन्या लाकडी शिड्या पुरात वाहून गेल्या होत्या. नव्या शिड्यांचा खर्च धरण पाडण्याच्या खर्चाहून जास्त निघाला आणि मालक कंपनीने २०११ मध्ये धरणच उडवले. क्लॅमथ नदीवर त्याच कंपनीला चार धरणांबाबत हेच गणित दिसले. ती २०२४ पर्यंत निघाली आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक सामन ऑरेगॉनच्या हद्दीत पोहोचला. शंभर वर्षे न भरलेले वाटेचे बिल अखेर समोर ठेवल्यावर ही धरणे परवडत नव्हती. सौद्याची किंमत यापेक्षा स्पष्टपणे कोणी मांडलेली मला माहीत नाही.

एल्व्हावरही हेच घडले, फक्त तिथे रेटा लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीचा होता. ग्लाइन्सचा परवाना १९७६ मध्ये संपला होता आणि खालच्या धरणाला तर परवाना कधी नव्हताच. १९८६ मध्ये जमातीने परवान्याच्या प्रकरणात उडी घेतली. १९९२ मध्ये काँग्रेसने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला, पैसा जमायला आणखी वीस वर्षे गेली. २०११ च्या सप्टेंबरात काम सुरू झाले, पुढच्या मार्चपर्यंत खालचे धरण गेले, ग्लाइन्सचा शेवटचा तुकडा २०१४ च्या ऑगस्टमध्ये उडवला. सगळ्या प्रकल्पाचा खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर झाला, आणि त्यातला मोठा भाग भिंत फोडण्यावर नव्हता. दोन जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साचला होता. तो एकदम सुटला असता तर खालचे उरलेसुरले मासे आणि पोर्ट अँजेलिसचे पिण्याचे पाणी दोन्ही गेले असते. म्हणून आधी गावासाठी शुद्धीकरण केंद्र बांधले, भिंत वरून थोडी थोडी कापत आणली, मासे चढण्याच्या काळात काम थांबवले. उघड्या पडलेल्या तळावर स्थानिक जातींची सुमारे चार लाख रोपे लावली. खालच्या पात्रात जमातीने मोठमोठे ओंडके अडकवून कृत्रिम अडसर तयार केले, म्हणजे प्रवाह विभागेल, डोह होतील, गोटे साचतील. आणि एवढे झाल्यावर लक्षात आले की ग्लाइन्सच्या घळीत पूर्वी कोसळलेले खडक मासे अजूनही अडवत आहेत. तेही सुरुंगांनी फोडावे लागले. धरण काढले की नदी आपोआप सुधारते, असे मानणाऱ्यांनी हे काम पाहावे.

परिणाम सरळ रेषेत आले नाहीत. पहिल्या पाच वर्षांत सुमारे दोन तृतीयांश गाळ वाहून मुखाशी नवा किनारा झाला, जिथे आधी वाळूअभावी समुद्र जमीन खात होता. चिनूकची वाढ मंद आहे आणि मासेमारीवरची बंदी पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. २०२३ मध्ये जमातीला कोहो जातीच्या सामनची मर्यादित, विधी आणि घरच्या खाण्यापुरती मासेमारी करता आली. सर्वांत बोलका पुरावा ट्राउटचा आहे. धरणांच्या वर अडकलेले इंद्रधनू ट्राउट शंभर वर्षे समुद्राला मुकले होते, तरी समुद्रात जाण्याची जनुके त्यांच्यात शिल्लक राहिली होती. वाट मोकळी होताच त्यांची पिल्ले समुद्रात उतरली आणि उन्हाळ्यात चढणारे स्टीलहेड (याच माशाचे समुद्रातून परतणारे रूप) म्हणून परतू लागली, तीही हॅचरीच्या मदतीशिवाय. त्याच वेळी याच नदीवर, गाळाच्या काळात वंश तगावा म्हणून, जमातीची आणि राज्याची हॅचरी चालू ठेवली गेली, आणि रानटी माशांच्या बाजूने त्यावर खटलेही झाले. मला यात विसंगती दिसत नाही. वाट मोकळी होईपर्यंत वंश सांभाळणारी हॅचरी आणि वाट कायमची बंद करण्याचा मोबदला म्हणून बांधलेली हॅचरी यांच्या टाक्या सारख्या दिसतात, करार वेगळे असतात. अर्थात तात्पुरती म्हणून आलेली संस्था कायमची होऊन बसते, हा आक्षेपकांनी दाखवलेला धोका खरा आहे. तिला बंद करण्याची तारीख आधी लिहून घ्यावी.

आपल्याकडे हा करार अजून कोणी नीट वाचलेला नाही. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या आराखड्यात माशांसाठी लॉक (पाणी भरून मासे वर चढवणारे कप्पे) होते. तरी बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि पूर्वी प्रयागपर्यंत चढणारा हिल्सा मासा वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीसा झाला. अलीकडे बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेकडून फराक्क्याच्या वर हिल्सा सोडला जातो, खुणा लावून त्याचा माग घेतला जातो. याउलट कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढले जातात, पुराला आणि गाळाला वाट मिळावी म्हणून. माशाचा विचार त्यात नव्हता, पण चढणीच्या दिवसांत नदी वाहती राहते. बांधाचा आणि माशाचा हंगाम वेगळा असेल तर दोघांचे जमू शकते, याचे हे घरचे उदाहरण आहे, आणि ज्या बंधाऱ्यांचे बरगे वेळेवर निघत नाहीत तिथे ते लागू नाही. ग्रँड कूलीच्या वर २०१९ पासून आदिवासी जमाती सामन वाहून नेऊन सोडत आहेत, आणि २०२३ मध्ये संघराज्याने त्यांच्याशी वीस वर्षांत २० कोटी डॉलर देण्याचा करार केला, मासा वर पुन्हा स्थिरावतो का हे तपासण्यासाठी. त्या माशांपैकी बरेच हॅचरीतले आहेत आणि धरणावरून त्यांना अजून गाडीनेच न्यावे लागते. १९३९ मध्ये हेच टँकर सामनला त्याच्या वरच्या नदीपासून दूर नेत होते. पिल्लांना धरणावरून खाली आणण्याची सोय अजून व्हायची आहे, आणि करारातला पैसा मुख्यतः त्या अभ्यासावर खर्च व्हायचा आहे.